खरं लिहायला जागा ठेवा

डेटाबेस कशाने बिघडतो, याची उत्तरं या धंद्यातल्या कुणालाही तोंडपाठ असतात. इंडेक्स नव्हते, नॉर्मलायझेशन अर्धवट होतं, बॅकअप घेतले होते पण ते परत चढवून कुणी पाहिले नव्हते, पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये ठेवला होता. एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत असताना रिलेशनल मॉडेलचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ही विद्या पन्नाशी ओलांडून गेली आहे, आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात ती सगळीकडे शिकवली जाते. तरीही तेच दोष नव्या प्रकल्पात, नव्या तंत्रावर, नव्या माणसांच्या हातून पुन्हा पुन्हा होतात. एवढ्या वर्षांनंतर त्याचं खापर नुसत्या अज्ञानावर फोडता येणार नाही. या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की यातले सर्वांत महागात पडणारे दोष एकाच मुळातून येतात. खरी गोष्ट लिहायला टेबलात जागाच ठेवलेली नसते, म्हणून माहिती भरणारा माणूस नाइलाजाने खोटी गोष्ट लिहितो, आणि एकदा लिहिलेली खोटी गोष्ट खऱ्या नोंदींत मिसळून जाते. राहिलेला इंडेक्स उद्या टाकता येतो, मंद चालणारी क्वेरी उद्या सुधारता येते. पण त्या दिवशी न विचारलेली किंवा विचारून चुकीच्या घरात कोंबलेली माहिती नंतर कितीही हुशार प्रोग्रॅमरला परत आणता येत नाही.

याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचं आहे. साठीच्या आसपासच्या मराठी माणसांच्या कुठल्याही यादीत जन्मतारखेचा रकाना पाहिला, तर १ जून ही तारीख जागोजागी भेटते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, प्रवेशाला वयाची अट पूर्ण झालेली लागायची, बाळंतपण घरी झालेलं असल्याने जन्माची नोंद कुठेच नसायची, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना मोकळा सोडून चालायचं नाही. गुरुजींनी १ जून लिहून पोराला वर्गात बसवलं. त्यांनी योग्यच केलं; नाही तर ते मूल शाळेबाहेर राहिलं असतं. मात्र इथे एक गोष्ट सहज निसटते. आईबापांना काहीच माहीत नव्हतं असं नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. ‘भूकंपानंतर दोन महिन्यांनी झाला’ असं सांगणारी आई फेब्रुवारी १९६८ सांगत असते, म्हणजे महिन्यापर्यंत बरोबर. ‘पानशेत फुटलं त्या पावसाळ्यातला’ म्हटलं की १९६१ चं साल पक्कं होतं. रजिस्टराला मात्र दिवस, महिना आणि वर्ष एवढंच हवं होतं. ‘साल नक्की, महिना अंदाजे, सांगणारी आई’ असं लिहायची सोय तिथे नव्हती. त्यामुळे जी माहिती हाताशी होती ती वाया गेली आणि जी नव्हती ती शाईने लिहिली गेली. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तीच तारीख सेवापुस्तकात, विम्यात, पासपोर्टवर उतरली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी ३१ मे ला महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतून मोठ्या संख्येने माणसं एकदम निवृत्त होतात. एका रकान्यात ‘नक्की माहीत नाही’ लिहायची सोय नव्हती, त्याचा परिणाम पन्नासएक वर्षांनी राज्याच्या मनुष्यबळावर दिसतो.

कॉम्प्युटर आल्यावर हा प्रकार कमी व्हायच्या ऐवजी पक्का झाला. कागदावर निदान समासात पेन्सिलीने काही खरडता यायचं. स्क्रीनवर रकान्यापुढे लाल फुली असते आणि तो भरल्याखेरीज ‘पुढे’ हे बटणच चालत नाही. काउंटरवर रांग लागलेली असताना भरणारी व्यक्ती काय करणार? मोबाइल नंबरच्या जागी दहा वेळा ९ दाबते, ईमेलच्या जागी आपल्याच ऑफिसचा पत्ता टाकते, आडनाव न लावणाऱ्या तमिळ माणसाच्या आडनावात टिंब देते किंवा त्याचंच नाव दुसऱ्यांदा लिहिते. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या भारतीयांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरं छापली जातात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे ती अक्षरंच त्या माणसाचं नाव म्हणून बँकेच्या आणि विमान कंपनीच्या नोंदींत फिरत राहतात. कॅलिफोर्नियात सुरक्षा-संशोधनाच्या क्षेत्रातल्या एका गृहस्थाने गाडीसाठी ‘नल’ (डेटाबेसात माहिती नसल्याची खूण) ही अक्षरं असलेली पाटी घेतली होती. ज्या दंडपावत्यांवर गाडीचा नंबर लिहायचा राहून गेला होता, त्या पावत्या या अक्षरांमुळे त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या, आणि दंडाचा आकडा १२ हजार डॉलरच्या वर गेला. त्याने २०१९ मध्ये हे जाहीर व्याख्यानात सांगितलं. नंबर माहीत नसणं आणि नंबरच ‘नल’ असणं या दोन गोष्टी त्या यंत्रणेला निराळ्या ओळखता येत नव्हत्या.

मग रकाने ऐच्छिक करा, रिकामे सोडू द्या, एवढ्याने काम भागेल का? नाही, कारण रिकामेपणाचेही प्रकार असतात. हॉस्पिटलच्या केसपेपरवरचा ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी’ हा रकाना घ्या. तो मोकळा आहे. पेशंटला विचारलं आणि त्याने ‘नाही’ सांगितलं, म्हणून मोकळा? पेशंट बेशुद्धावस्थेत आला, विचारताच आलं नाही, म्हणून मोकळा? की हा रकाना फॉर्मवर मागच्या वर्षी आला आणि केसपेपर त्याआधीचा आहे, म्हणून? रात्रपाळीच्या डॉक्टरांना स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, आणि इंजेक्शन द्यायची वेळ आली की त्यातला पहिला अर्थ गृहीत धरला जातो. कॉड यांनाही याची जाणीव होती. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी गैरहजर माहितीचे दोन प्रकार वेगळे नोंदवावेत असं सुचवलं: लागू आहे पण ठाऊक नाही, आणि मुळात लागूच नाही. बाजारातल्या डेटाबेसांनी ते मनावर घेतलं नाही. सगळ्यांसाठी एकच ‘नल’ ठेवला.

यावर जुन्या जाणत्यांचा आक्षेप असा असतो की ‘नल’ हीच मोठी डोकेदुखी आहे, ती जितकी टाळता येईल तितकी टाळावी. आक्षेपात तथ्य आहे. ‘या यादीत नसलेले ग्राहक काढा’ अशी ‘नॉट इन’ची क्वेरी लिहिली आणि आतल्या यादीत एक जरी नल निघाला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच धरतात, त्याने गोंधळात भर पडते. सी. जे. डेट यांच्यासारख्या जाणकाराने तर नलच्या कल्पनेलाच अनेक वर्षं विरोध केला. पण यातून ‘रकाना सक्तीचा करा’ हा निष्कर्ष निघत नाही. शेजारी आणखी एक रकाना द्या, हा निघतो. आधारच्या नोंदणीत हे चांगलं साधलं आहे. तिथे जन्मतारखेसोबत तिचा दर्जाही नोंदवतात: कागदपत्रावरून पडताळलेली, माणसाने सांगितलेली, की वयावरून अंदाजे धरलेली. नुसतं वय सांगितलेल्याच्या कार्डावर फक्त जन्मवर्ष छापलं जातं. तारखेइतकीच ती तारीख कुठून आली ही माहितीही महत्त्वाची आहे, हे तिथे कुणीतरी ओळखलं. पुढे ही माहिती दुसऱ्या एखाद्या यंत्रणेत नेताना तो दर्जाचा रकाना गाळला आणि पूर्ण तारीख सक्तीची ठेवली, की १ जानेवारी उगवते. दोष तेव्हा त्या दुसऱ्या टेबलाचा असतो.

खोट्याला जागा करून देण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे एकाच घरात दोन बिऱ्हाडं ठेवणं. जुना रकाना आता वापरात नाही, मग त्यातच नवी माहिती ठेवू. ‘स्टेटस’मध्ये सी म्हणजे पूर्वी ‘क्लोज्ड’ होतं, आता काही नोंदींत ‘कॅन्सल्ड’ आहे. ‘तारीख’ कधी ऑर्डरची, कधी माल पोचल्याची. हे किरकोळ वाटतं. ते किती किरकोळ आहे ते अमेरिकेच्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या उदाहरणावरून कळतं. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी न्यूयॉर्क शेअर बाजारात सुरू होणाऱ्या एका नव्या सोयीसाठी तिने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत बदल केला. त्यासाठी नवा फ्लॅग घ्यायच्या ऐवजी पूर्वी एका जुन्या कामासाठी असलेला फ्लॅग पुन्हा वापरला. ते जुनं काम कंपनीने २००३ पासून बंद ठेवलं होतं, पण त्याचा कोड काढून टाकलेला नव्हता. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. सात सर्व्हरना त्या फ्लॅगचा नवा अर्थ कळला, आठव्याने जुना अर्थ घेतला आणि तो न थांबता ऑर्डर सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांच्या वर व्यवहार झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. या घटनेची चर्चा बहुधा त्या राहून गेलेल्या सर्व्हरवर थांबते. माझ्या मते मूळ चूक त्याच्या आधीची आहे. नव्या अर्थाला नवं नाव दिलं असतं, तर आठव्या सर्व्हरला ते ओळखताच आलं नसतं आणि त्या ऑर्डर सुटल्या नसत्या.

ओळखक्रमांकात अर्थ कोंबण्याची सवय याच जातीची. पॅनचं पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो, आणि तसाच राहायला हवा. पण मग ते पाचवं अक्षर पूर्वीच्या आडनावाचं उरतं, आणि ‘आडनाव व पाचवं अक्षर जुळलंच पाहिजे’ अशी तपासणी लिहिणारा प्रोग्रॅमर हजारो बायकांचे अर्ज परत पाठवतो. गाडीच्या नंबरात राज्य आणि आरटीओ गुंफलेले आहेत, म्हणून एमएच १२ ची गाडी घेऊन बदलीवर बंगळुरूला गेलेल्या माणसाला वर्षभरानंतर नवा नंबर घ्यावा लागतो. त्याच जाचातून सुटका म्हणून २०२१ मध्ये बीएच मालिका आणावी लागली. याउलट आधारचे १२ आकडे कुठलाही अर्थ वाहत नाहीत. शेवटचा आकडा फक्त बाकीचे बरोबर लिहिले आहेत का ते तपासायला असतो. माणूस गाव बदलो, नाव बदलो, नंबर खोटा ठरत नाही. हिशेब विभागातले लोक यावर म्हणतात की कोड वाचून काहीतरी कळलं पाहिजे, नुसत्या आकड्यांनी काम कसं करायचं? त्यांची गरज खरी आहे. ती भागवायला वाचता येणारा कोड वेगळ्या रकान्यात ठेवावा, तो बदलू द्यावा, छापावा, लोकांना सांगावा. दोन टेबलांची गाठ मात्र त्याच्यावर मारू नये.

तिसरी तऱ्हा सर्वांत सर्रास आढळते आणि सर्वांत कमी लक्षात येते: कालचं सत्य पुसून त्यावर आजचं लिहिणं. ग्राहकाने पत्ता बदलला, रकान्यात नवा पत्ता लिहिला, आणि मागच्या वर्षीचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर आजचा पत्ता येतो. जीएसटीमध्ये महाराष्ट्राचा कोड २७, गोव्याचा ३०. ग्राहक कोल्हापूरहून मडगावला गेला असेल, तर तेव्हा बरोबर लावलेला कर आज चुकीचा दिसतो. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव, काही घरांत पहिलं नावही बदलतं. टेबलात नावाला एकच घर असेल तर तिच्या पदवीवरचं नाव, पीएफच्या खात्यातलं नाव आणि बँकेतलं नाव ही एकाच बाईची आहेत हे सांगायची सोय उरत नाही. मग ते सिद्ध करायला तिलाच प्रतिज्ञापत्रं घेऊन फिरावं लागतं.

या बाबतीत आपल्याकडे फार विचारपूर्वक बेतलेली एक रचना रोजच्या वापरात आहे, आणि आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ती कधी नीट पाहिलेली नसते. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. जमिनीवर आज कुणाचं नाव आहे ते सातवर दिसतं. पण ते नाव थेट बदलता येत नाही. खरेदी झाली, वारस लागला, वाटप झालं, की आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नवा क्रमांक घेऊन नोंद होते. बदल कशामुळे, कोणत्या कागदावरून, हे तिथे लिहिलं जातं. तलाठी हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीला मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतर सातवर नवं नाव चढतं. जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नावाजवळ फेरफाराचा क्रमांक राहतो. तो क्रमांक हातात असला की मागची नोंद काढता येते, तिच्यावरून त्याच्याही मागची. आज डेटाबेसच्या परिषदांत ‘नोंद पुसू नका, प्रत्येक बदल वेगळी घटना म्हणून लिहा’ हे नवं तत्त्व म्हणून सांगितलं जातं. गावच्या दप्तरात ते कागदावर चालत आलं आहे. या दप्तरातही चुका होतात, दप्तरदिरंगाई होते, आणि हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवताना नावं आणि क्षेत्र चुकल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. पण महसूल संहितेच्या कलम १५५ खाली त्या चुका दुरुस्त करता आल्या त्या जुने उतारे आणि फेरफार शाबूत होते म्हणूनच. इतिहास पुसलेला असता तर कशाशी ताडून पाहिलं असतं?

हे जिथे नसतं तिथे काय होतं, त्याचं ब्रिटनमधलं उदाहरण वाचून मन विषण्ण होतं. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून होरायझन ही संगणकप्रणाली बसवली. तिच्या हिशेबात खोट दिसली की शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांनाच जबाबदार धरलं गेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांवर चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांचे शिक्के बसले. लोक तुरुंगात गेले, घरं विकली गेली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं. शाखेच्या हिशेबात पुरवठादार कंपनीची माणसं दूर बसून, शाखाचालकाला कळू न देता नोंद घालू शकत होती, हेही तिथे सिद्ध झालं. पुढे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. या प्रकरणात माणसांचे, वकिलांचे, अधिकाऱ्यांचे दोष आहेतच, ते झाकायचं कारण नाही. पण ज्या हिशेबात नोंद कुणी केली हे नि:संशय दाखवता येत नाही, तो हिशेब कुणाच्याही विरुद्ध पुरावा होऊ शकत नाही. रचना करणाऱ्याने ‘कुणी, केव्हा, कुठून’ हे तीन रकाने चैनीचे समजू नयेत, ते यासाठी.

इतिहास ठेवण्यावर दोन आक्षेप येतात. जागा आणि वेग हा पहिला; डिस्कचे आजचे भाव पाहता त्यात फारसा दम राहिलेला नाही, आणि चालू स्थितीचं टेबल वेगळं ठेवलं की वेगही जात नाही. गावच्या दप्तरात नमुना सहा आणि सात वेगळे आहेत ते काही उगीच नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, मग सगळं कायम ठेवायचं कसं? माझं म्हणणं असं की व्यवहाराचा इतिहास आणि माणसाची ओळख एकाच ओळीत मिसळलेली असली तरच हा पेच पडतो. नाव, पत्ता, फोन वेगळ्या टेबलात आणि व्यवहारात फक्त निरर्थक क्रमांक, अशी मांडणी असेल तर ओळख पुसता येते आणि हिशेब जागच्या जागी राहतो. पुसल्याचीही नोंद राहते. खुद्द कायद्यानेच काही काळ जपायला सांगितलेली माहिती कोणती, हे मात्र प्रत्येक धंद्याला वेगळं तपासावं लागेल, आणि ते काम वकिलाला सोबत बसवून करावं.

यंत्र गप्प राहून खोटं पसरवतं त्याबद्दल थोडक्यात. मायएसक्यूएलमध्ये रकान्यापेक्षा लांब मजकूर आला तर तो मुकाट्याने छाटला जायचा, अशक्य तारीख आली तर सगळी शून्यं लिहिली जायची. ही ढिलाई डिफॉल्टने बंद झाली ती २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीत. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतून गळाले, कारण आकडे एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे जात होते, तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही, आणि न मावलेलं गळून पडल्याची हाकाटी कुणी केली नाही. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धडपणे कामी येईना. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने फसत होता, आणि तो फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. इनबॉक्स शांत होता, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरलं गेलं. शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवरून काम भागलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून प्रसिद्ध केलं हा तिचा मोठेपणा, म्हणून तर त्यातून शिकता येतं. यातला धडा एवढाच घ्यावा की ‘बॅकअप झाला’ हा संदेश रोज आला पाहिजे आणि तो न आल्याने कुणीतरी उठून बसलं पाहिजे.

आता कामाच्या जागेकडे वळू, कारण हे सगळं वाचून माहीत असलेली माणसंही सोमवारी ऑफिसात जाऊन तेच करतात, त्याला तिथली घडी कारणीभूत असते. क्लायंटला डेमो द्यायचा तो स्क्रीनचा, टेबल कुणी दाखवत नाही. रकाना वाढवायचा तर चेंज रिक्वेस्ट काढावी लागते, तिची बिलं होतात, मंजुऱ्या लागतात; त्यापेक्षा ‘एक्स्ट्रा १’ आणि ‘एक्स्ट्रा २’ हे आधीच ठेवलेले निनावी रकाने वापरणं सोपं पडतं. ते वापरणारा सहा महिन्यांत दुसऱ्या प्रकल्पावर जातो, आणि त्या रकान्यात काय आहे हे त्याच्याबरोबरच जातं. ज्याने घाई केली त्याची डेडलाइन पाळली गेली म्हणून वाहवा होते, आणि निस्तरायला लागतं ते तीन वर्षांनी रिपोर्ट काढणाऱ्या मुलीला. चूक करणारा आणि सोसणारा यांची कधी गाठच पडत नसेल, तर ती चूक होतच राहणार. तेव्हा मॅनेजरांना माझी विनंती आहे की रकाना वाढवणं आपल्या टीममध्ये सर्वांत स्वस्त काम करा. मोठ्या टेबलात रकाना वाढवला की तासन्‌तास टेबल अडून राहतं ही भीती आता जुनी झाली. पोस्टग्रेसमध्ये २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून ठरीव डिफॉल्टसह रकाना अख्खं टेबल पुन्हा न लिहिता वाढतो, मायएसक्यूएलच्या ८.० मध्येही तशी सोय आली. तंत्राने अडवणं सोडलं आहे. अडवतात त्या आपल्याच मंजुऱ्या.

‘तपासणी ॲप्लिकेशन करतं, डेटाबेसात बंधनं कशाला’ हे वाक्य तर प्रत्येक टीममध्ये ऐकू येतं. माहिती एकाच दाराने येत असती तर ते खरं ठरलं असतं. एक्सेलमधून एकगठ्ठा चढवलेली यादी, दुसऱ्या टीमची सेवा, मध्यरात्री सपोर्टवाल्याने चालवलेली स्क्रिप्ट, ही सगळी दारं स्क्रीनवरच्या तपासणीला वळसा घालून जातात, आणि त्या सर्वांना अखेर जिथून जावंच लागतं ती जागा टेबल हीच असते. स्कीमाच नको म्हणणाऱ्यांचा काळही येऊन गेला. मोंगोडीबीने २०१५ च्या ३.२ आवृत्तीत नोंदींच्या रचनेची तपासणी आणली ती वापरणाऱ्यांना गरज भासली म्हणूनच. स्कीमा लिहिला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, तो वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये थोडा थोडा आणि थोडा वेगळा लिहिला जातो. नव्या स्टार्टअपचं मात्र मी समजू शकतो. उद्या धंदा राहील की नाही हेच ठाऊक नसताना कुणी दोन महिने टेबलं आखत बसू नये. त्यांनी इंडेक्स, वेग, सुबक मांडणी खुशाल मागे ठेवावी. माहितीचा उगम, नोंदीची वेळ आणि रिकामेपणाचं कारण, एवढं पहिल्या दिवसापासून ठेवावं. त्याला फार तर एक दुपार लागते.

तरुण डिझायनरांनी टेबल आखायच्या आधी जुन्या रजिस्टरातला ‘शेरा’ हा शेवटचा रकाना वाचावा, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना. गिरणीच्या हजेरीपटापासून दवाखान्याच्या नोंदवहीपर्यंत आपल्याकडे प्रत्येक तक्त्याच्या उजव्या कडेला शेरा असतो, आणि बाकीच्या रकान्यांत न मावलेलं सगळं सत्य तिथे गोळा होतं. ‘नंबर शेजाऱ्यांचा’, ‘वय अंदाजे’, ‘दोन हप्ते भावाच्या नावे जमा’, ‘पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात हलवला, तारीख नक्की नाही’. चालू सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर त्यातल्या ‘रिमार्क्स’चे हजारभर नमुने काढून डोळ्यांनी वाचावेत. जी गोष्ट तिथे पुन्हा पुन्हा येते, तिला घर हवं आहे. त्यासोबत एक दिवस काउंटरमागे उभं राहून माहिती भरली कशी जाते ते पाहावं आणि कुठल्या रकान्याशी हात अडखळतो ते टिपून घ्यावं. शेऱ्याचा रकाना मात्र कधीच काढून टाकू नये. आपण कितीही नीट आखलं तरी काही उरणारच, आणि ते लिहायला जागा लागणारच.

जिथे खोटं आधीच भरलेलं आहे तिथे काय करावं, हे मला बरेचदा विचारलं जातं. एकगठ्ठा अपडेट चालवून अंदाजाने दुरुस्ती करू नये. आजकाल हे काम यंत्राकडून करून घेण्याचा मोह पडतो, पण यंत्रही न विचारलेली गोष्ट ओळखू शकत नाही, ते फक्त अधिक पटण्याजोगी तारीख लिहील आणि मग संशयसुद्धा येणार नाही. जुना रकाना आहे तसा ठेवावा. शेजारी दर्जाचा नवा रकाना घालून सगळ्या जुन्या नोंदींवर ‘पडताळणी नाही’ असं लिहावं, हा नियम कोणत्या तारखेपासून लागू झाला ते टेबलाच्या वर्णनात नोंदवावं, रिपोर्टांत पडताळलेल्या आणि न पडताळलेल्या नोंदींची बेरीज वेगवेगळी दाखवावी. मग ज्या ज्या वेळी तो माणूस काही कामासाठी पुन्हा समोर येईल त्या त्या वेळी त्याला विचारून, कागद पाहून, कुणी आणि केव्हा विचारलं ते लिहून, त्याची नोंद तेवढी बदलत जावी.